गव्हापासून कोळंबीपर्यंत: अन्न बाधण्याविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत अन्न बाधण्याविषयीचे आणि त्यासाठी केल्या जाणाऱ्या चाचण्यांविषयीचे प्रश्न बरेच होते, म्हणून हे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडक्यात छापली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न (पुणे): मी ४२ वर्षांची शिक्षिका आहे. गेले वर्षभर जेवणानंतर पोट फुगते आणि गॅस होतात. मैत्रिणीने सुचवल्यावरून एका खाजगी प्रयोगशाळेत रक्त देऊन ‘फूड इनटॉलरन्स’ चाचणी करून घेतली. दोनशेहून अधिक पदार्थांच्या अहवालात गहू, दूध, दही, अंडे, तूरडाळ, लसूण आणि शेंगदाणे लाल रकान्यात आले. दोन महिने हे सगळे बंद केले. पोट बरे आहे, पण वजन चार किलोंनी उतरले आणि घरात रोज काय शिजवावे हेच कळेनासे झाले. हे पदार्थ आयुष्यभर बंद ठेवायचे का?

उत्तर: ठेवू नयेत. आपण केलेली चाचणी बहुधा रक्तातील आयजीजी किंवा आयजीजी-४ या प्रतिपिंडांची आहे. जे अन्न आपण वारंवार खातो त्याचे अत्यल्प अंश आतड्यातून रक्तात पोहोचतात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध आयजीजी प्रतिपिंडे तयार करते. हे ठणठणीत माणसांतही घडते. दूध किंवा शेंगदाण्याची खरी अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तोच पदार्थ कणाकणाने वाढवत देऊन सवय लावतात, तेव्हा त्यांच्या रक्तातील आयजीजी-४ वाढत जाते, आणि ती वाढ अन्न सोसू लागल्याच्या बाजूची मानली जाते. युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ साली आणि कॅनडातील तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली, अन्न बाधते की नाही हे ठरवण्यासाठी ही चाचणी वापरू नये, असे स्पष्टपणे सांगितले आहे. आपल्या अहवालाचा लाल रकाना पुन्हा एकदा शांतपणे वाचावा: गहू, दूध, दही, तूरडाळ, लसूण, शेंगदाणे. ही तर मराठी घरातील रोजच्या ताटाची यादी झाली. आपण कधी चाखलेलेही नाहीत असे परदेशी मासे आणि भाज्या हिरव्या रकान्यात सुखाने बसलेल्या असतील, तर त्यात नवल नाही.

मग पोट बरे का वाटले, हा प्रश्न उरतो आणि तो रास्त आहे. गहू, कांदा आणि लसूण यांत फ्रुक्टॅन नावाची, डाळी-कडधान्यांत गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड नावाची, तर दुधात लॅक्टोज ही शर्करा असते. पहिल्या दोन शर्करा पचवणारे विकर (एन्झाइम) माणसाच्या आतड्यात मुळातच नसते, तिसरीचे अनेकांत वयानुसार कमी होते. न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात पोहोचली की तेथील जिवाणू ती आंबवतात, वायू तयार होतो आणि आतड्यात पाणी ओढले जाते. हे प्रत्येकाच्या पोटात होते. ज्यांचे आतडे अधिक संवेदनशील असते त्यांना त्याचा त्रास जाणवतो, इतकेच. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी याच शर्करांच्या आधारे, त्या कमी ठेवणारी ‘लो फॉडमॅप’ ही आहारपद्धती बांधली. आपण अहवाल प्रमाण मानून जे बंद केले त्यात योगायोगाने या शर्करांचे मोठे स्रोत आले, त्यामुळे आराम पडला असावा. नॉर्वेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्लुटेन (गव्हातील प्रथिन) बाधते असे स्वतःहून सांगणाऱ्या, पण सीलियाक आजार (ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार) नसलेल्या ५९ जणांना ग्लुटेन, फ्रुक्टॅन किंवा यांपैकी काहीही नसलेल्या वड्या, कोणती कशाची हे न सांगता, आळीपाळीने आठवडाभर दिल्या होत्या. पोटाचा त्रास सर्वांत जास्त झाला तो फ्रुक्टॅनच्या वड्यांनी.

अंडे आणि शेंगदाणे यांत या शर्करा जवळजवळ नसतात. हे दोन्ही आपण वर्षानुवर्षे विनातक्रार खात आला असाल, तर ते आधी सुरू करावेत. उतरलेल्या वजनालाही त्याचा उपयोग होईल. पुढे एका वेळी एकच पदार्थ परत आणावा. पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका, आणि मग दोन-तीन दिवस थांबून पुढचा. वहीत पदार्थासोबत प्रमाण आणि वेळ लिहावी; पाळीच्या तारखा, अपुरी झोप आणि परीक्षेच्या कामाचा ताण हेही लिहावे, कारण याच गोष्टींनी पोट फुगते आणि दोष मात्र आमटीवर येतो. बहुतेकांना असे आढळते की पदार्थ बाधत नसतो, विशिष्ट मर्यादेपलीकडचे त्याचे प्रमाण बाधत असते. स्वयंपाकातही वाट निघते. फ्रुक्टॅन पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. म्हणून ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तर स्वाद फोडणीत उतरतो आणि त्रासाचा भाग बाहेर राहतो. पाकळ्या तशाच आमटीत उकळल्या तर मात्र तो पाण्यात उतरतो. कडधान्ये रात्रभर भिजवून ते पाणी ओतून दिल्यानेही फरक पडतो.

हे सर्व करण्यापूर्वी दोन गोष्टी डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात. सीलियाक आजाराची रक्ततपासणी एकदा व्हावी. तिच्यासाठी गहू आहारात असावा लागतो, त्याविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे. आणि वजनातील घट केवळ कमी खाण्याने झाली आहे ना, याची खात्री व्हावी. शौचावाटे रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा अ‍ॅनिमिया असेल तर आहाराचे प्रयोग थांबवून आधी पोटविकारतज्ज्ञांना भेटावे. स्त्रियांमध्ये, विशेषतः पन्नाशीच्या आसपास, नव्याने सुरू झालेले आणि रोज टिकून राहणारे पोट फुगणे हे क्वचित अंडाशयाच्या आजाराचेही लक्षण असते. आपले वर्षभर चाललेले आहे, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने एक सोनोग्राफी करून घेणे शहाणपणाचे ठरेल.

प्रश्न (नागपूर): माझी मुलगी सहा वर्षांची आहे. उंची वाढत नाही, शौचास पातळ होते, लोहाचे औषध कित्येक महिने देऊनही हिमोग्लोबिन आठच्या वर जात नाही. नातेवाइकांच्या सांगण्यावरून तीन आठवड्यांपूर्वी गहू बंद केला आणि ती टवटवीत दिसू लागली. आता बालरोगतज्ज्ञ सीलियाकची तपासणी करू म्हणतात. गुण आला आहे, तर तपासणी कशाला?

उत्तर: तपासणी अवश्य करावी, आणि लगेच करावी. आपण सांगितलेली तिन्ही लक्षणे सीलियाक आजाराशी जुळतात. या आजारात गहू, जव आणि राय यांतील ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषणारे तेथील सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. लोह दिले तरी ते अंगी लागत नाही, त्याचे कारण हेच. उत्तर भारतात झालेल्या एका लोकसंख्या-पाहणीत सुमारे शंभरात एकाला हा आजार आढळला होता, तेव्हा तो केवळ गोऱ्या लोकांचा आजार आहे ही समजूत सोडून द्यावी.

तपासणीत रक्तातील टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडे पाहतात आणि त्यासोबत एकूण आयजीए किती आहे तेही मोजतात, कारण काही मुलांत आयजीए मुळातच फार कमी असते आणि मग पहिली चाचणी फसवी ‘निगेटिव्ह’ येते. प्रतिपिंडे वाढलेली असतील तर दुर्बिणीतून लहान आतड्याचे तुकडे घेऊन निदान पक्के करतात. मुलांत ही पातळी सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल, तर रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यावर आणखी एक चाचणी करून काही वेळा दुर्बिणीशिवायही निदान मान्य केले जाते.

अडचण अशी आहे की गहू सोडला की प्रतिपिंडे हळूहळू ओसरतात आणि आतडेही भरून येऊ लागते. तीन आठवड्यांत ती पूर्ण नाहीशी होतीलच असे नाही, म्हणून आता रक्त तपासले आणि ते ‘पॉझिटिव्ह’ आले तर काम झाले. ‘निगेटिव्ह’ आल्यास मात्र त्यावर विसंबता येणार नाही. बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली रोज एकाहून अधिक जेवणांत पोळी देऊन साधारण सहा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागेल. मुलीला पुन्हा त्रास होईल या विचाराने आईचा जीव खालीवर होतो, हे समजू शकते. पण हे पथ्य जन्मभराचे आणि अत्यंत काटेकोर असते, आणि केवळ अंदाजावर ते एखाद्या मुलावर लादणे योग्य नाही. उलट आजार खरोखर असेल तर ‘सणावारी एखादी पुरणपोळी चालेल’ ही सवलत तिला परवडणारी नाही.

निदान पक्के झाले तर विदर्भ-मराठवाड्यातील घराला पथ्य तितकेसे परके वाटणार नाही, कारण ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई आणि राजगिरा यांत ग्लुटेन नसते. लक्ष ठेवायचे ते चोरवाटांवर. गिरणीत गव्हाच्या दळणानंतर त्याच जात्यावर आपली ज्वारी पडली की पिठात गहू आलाच. त्यासाठी घरगुती चक्की बरी. डबीतल्या बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, त्यामुळे डबीवरील घटक वाचावेत. बाजारातील पदार्थावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचे असेल तर त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये, असा आपल्याकडील नियम आहे.

प्रश्न (इंदूर): वय ६८. आयुष्यभर रात्री पेलाभर दूध घेतले. आता घेतले की पोट गुडगुडते आणि जुलाब होतात. दह्याचा मात्र त्रास नाही. सूनबाई म्हणतात शेळीचे दूध किंवा ‘ए-टू’ दूध घ्या. दुधाच्या अ‍ॅलर्जीची चाचणी करावी का?

उत्तर: अ‍ॅलर्जीच्या चाचणीची आपल्याला गरज दिसत नाही. दूध बाधून दही सोसणे ही लॅक्टोज न पचण्याची ओळखीची खूण आहे: दह्यातील जिवाणूंनी काही लॅक्टोज आधीच संपवलेले असते आणि उरलेले पचवायला ते पोटात मदतही करतात. शेळीच्या आणि ‘ए-टू’ दुधातही लॅक्टोज जवळपास तेवढेच असते, त्यामुळे सूनबाईंचा हेतू चांगला असला तरी खर्च वाया जाईल. खात्री हवीच असेल तर हायड्रोजन श्वासचाचणी असते. लॅक्टोजचे पाणी पाजून ठरावीक वेळाने फुंकरीतील हायड्रोजन मोजतात आणि तो मूळ पातळीहून २० पीपीएमने (दशलक्ष भागांत २० भागांनी) वाढला तर लॅक्टोज पचत नाही असे मानतात. घरच्या घरी दोन आठवडे दूध बंद करून पाहिले तरी बहुधा तेच उत्तर मिळते.

दूध कायमचे सोडण्याचे कारण नाही. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेक प्रौढांना एका वेळी सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे पेलाभर दुधाइतके, जेवणासोबत घेतल्यास फारसा त्रास होत नाही. आपल्याला रात्री रिकाम्या पोटी घेतलेला पेला नडत असावा. अर्धा पेला जेवणाबरोबर घेऊन पाहावा. ताक चालेल, चक्का बांधताना लॅक्टोजचा मोठा भाग पाण्याबरोबर निथळून जातो म्हणून श्रीखंडही चालेल, अर्थात मधुमेह नसेल तर. कॅल्शियमसाठी नाचणी आहेच. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. मात्र या वयात दुधाशी संबंध नसलेलेही जुलाब नव्याने सुरू झाले तर त्याची स्वतंत्र तपासणी व्हावी. आपण मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे, कारण त्याने पोट बिघडते आणि आळ दुधावर येतो.

प्रश्न (सातारा): अळूवडी किंवा सुरण खाल्ल्यावर घसा खवखवतो. ही अ‍ॅलर्जी आहे का?

उत्तर: बहुधा नाही. अळू आणि सुरण यांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात. चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवण्याची आपल्याकडील रीत त्यावरचाच उपाय आहे. ओठ सुजले, अंगावर पित्त उठले किंवा धाप लागली तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा तपासणी करावी.

प्रश्न (वेंगुर्ले): गेल्या महिन्यात बांगड्याचे तिखले खाल्ल्यावर अर्ध्या तासात माझा चेहरा लालबुंद झाला, डोके ठणकू लागले, छातीत धडधडले. माझ्या दिरांनाही तसेच झाले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर दोन-तीन तासांत उतरले. आता मासे कायमचे बंद करावेत का? लहानपणापासून खात आले आहे.

उत्तर: आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य दिरांविषयीचे आहे. अ‍ॅलर्जी ही एकेका व्यक्तीची असते. एकाच पातेल्यातील मासे खाऊन दोघांना एकाच वेळी एकसारखा त्रास झाला, तर संशय माशाच्या स्थितीवर घ्यावा. बांगडा, सुरमई, कुपा या जातीच्या माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा पकडल्यावर बर्फाशिवाय उन्हात राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात. अ‍ॅलर्जीत शरीर स्वतः जो पदार्थ सोडते तोच येथे बाहेरून ताटात येतो, म्हणून लक्षणे हुबेहूब सारखी दिसतात. हिस्टामिन उष्णतेने नष्ट होत नाही; त्यामुळे तिखले कितीही उकळले किंवा मासा कुरकुरीत तळला तरी उपयोग नाही, आणि मासा दिसायला-वासाला बरा असूनही हे घडू शकते. जिभेवर मिरपुडीसारखी चुरचुर झाली असेल तर आठवून पाहावे. ती या विषबाधेची खूण आहे.

शंका राहू नये म्हणून अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडून बांगड्याची त्वचाचाचणी एकदा करून घ्यावी. ती ‘निगेटिव्ह’ आली तर ताजा, बर्फातला मासा पुन्हा खाण्यास हरकत नसावी; पहिल्यांदा थोडा खावा. मासळीबाजारातून घरी येईपर्यंतची वेळ आणि दुपारच्या उन्हात स्कूटरला लटकणारी पिशवी, याकडे मात्र लक्ष द्यावे.

प्रश्न (ठाणे): माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने लग्नात कोळंबी खाल्ली आणि दहा मिनिटांत त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दोन उलट्या झाल्या. नंतर केलेल्या आयजीई रक्तचाचणीत कोळंबी, धुळीतील माइट (सूक्ष्म कीटकसदृश जीव), गहू आणि अंडे ‘पॉझिटिव्ह’ आले. अंडे आणि पोळी तो रोज खातो, काही होत नाही. प्रयोगशाळेने मात्र सगळेच बंद करा असे सांगितले. काय करावे?

उत्तर: अंडे आणि पोळी बंद करू नये. आयजीई ही खऱ्या अॅलर्जीत भाग घेणारी प्रतिपिंडे असल्याने त्यांची चाचणी आयजीजीसारखी निरर्थक नाही, पण ‘पॉझिटिव्ह’ येणे म्हणजे शरीराने त्या पदार्थाची ओळख ठेवली आहे एवढेच; खाल्ल्यावर त्रास होतो की नाही हे खाण्याच्या अनुभवावरूनच ठरते, आणि तो अनुभव आपल्यापाशी रोजचा आहे. गवताच्या परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्यांत गव्हाची चाचणी उगीच ‘पॉझिटिव्ह’ येते. उलट, सोसणारा पदार्थ दीर्घकाळ बंद ठेवल्यावर तो पुन्हा देताना खरी अ‍ॅलर्जी उद्भवल्याची उदाहरणे आहेत. ज्या पदार्थांविषयी काही शंकाच नाही त्यांच्या लांबलचक यादीची चाचणी करण्याने कसा घोटाळा होतो, त्याचे हे उदाहरण म्हणावे लागेल.

कोळंबीचे तसे नाही. तेथे घडलेला प्रसंग आणि चाचणी एकमेकांशी जुळतात. तज्ज्ञ हवी तर त्वचाचाचणीही करतील: हातावर पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून सुईने हलकेच टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गांधी मोजतात, तिच्याआधी आठवडाभर सेट्रिझिनसारख्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. कोळंबीतील अ‍ॅलर्जी आणणारे मुख्य प्रथिन ट्रोपोमायोसिन हे शिजवूनही टिकते आणि त्याच घडणीचे प्रथिन माइटमध्ये व झुरळातही असते, म्हणून अहवालात कोळंबी आणि माइट जोडीने आले असावेत. खेकडा, शेवंड, करंदी, जवळा, सोडे हे सगळे बंद करावे. तिसऱ्या (शिंपले) आणि माकूल यांविषयी तज्ज्ञांना विचारावे. पापलेट, बांगडा यांतील प्रथिन निराळे असल्याने ते घरी चालण्यासारखे असतात, पण खानावळीत ज्या तेलात कोळंबी तळली त्यातच सुरमईचा तुकडाही पडतो, हे लक्षात ठेवावे. पाकीटबंद पदार्थांवर कवचधारी जलचरांचा उल्लेख करणे २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार बंधनकारक आहे. लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला स्वतः जाऊन विचारण्यावाचून इलाज नाही.

खाल्ल्यावर काही मिनिटांत गांधी आणि उलट्या अशी दोन ठिकाणची लक्षणे एकदम दिसणे याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात आणि पुढच्या वेळी ते याहून गंभीर असू शकते. तेव्हा औषध एकच, अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम या मात्रेत. सेट्रिझिनची गोळी खाज कमी करते, श्वास वाचवत नाही. परदेशात मिळणारी तयार पेनसारखी इंजेक्शने आपल्याकडे सहज मिळत नाहीत. म्हणून अँप्यूल आणि सिरिंज घरी ठेवावी का, मुलाच्या वजनानुसार किती भरायचे आणि कसे टोचायचे, हे डॉक्टरांसमोर प्रत्यक्ष करून शिकून घ्यावे आणि मात्रा कागदावर लिहून घ्यावी. त्या कागदाची एक प्रत शाळेच्या कार्यालयात आणि एक सहलीच्या दप्तरात असावी. प्रसंग आलाच तर मुलाला उभे करू नये किंवा चालवू नये, पाय उंच करून आडवे झोपवावे, धाप लागली असेल तर बसू द्यावे, आणि इंजेक्शन दिल्यानंतर बरे वाटले तरी १०८ ला फोन करून रुग्णालयात न्यावे, कारण काही तासांनी लक्षणे दुसऱ्यांदा उलटू शकतात.